ज्वारीच्या मुळाशी एक पिवळा थेंब

कडबा मी तिथे टाकला तो निव्वळ आळसाने. ज्वारी कापून झाली होती, कणसं खुडून झाली होती आणि धाटं उचलून कोपऱ्यात रचायचं त्राण उरलं नव्हतं. म्हणून वाफ्याच्या एका बाजूला आडवी पसरून दिली. दीड महिन्याने पाहिलं तर उघड्या बाजूला घोळ, काटेमाठ आणि केना यांची जत्रा भरलेली, आणि धाटांखालची जमीन मात्र मोकळी. मी खुरपं घेऊन उकिडवी बसले होते, कंबर बोलायला लागली होती, आणि हातभर अंतरावर अशी एक जागा होती जिथे मला काहीही करायचं नव्हतं.

तासन् तास खुरपणाऱ्या माणसाची श्रद्धा फार पटकन बसते. माझीही बसली.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे, बेवड. आधीचं पीक जमिनीत मागे ठेवून जातं ते. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्याचा वाईट, असं शेतकरी सहज बोलून जातात. पीक निघून गेल्यावरही त्याचं काहीतरी मातीत राहतं आणि पुढच्याला ते भोवतं किंवा मानवतं, एवढं सगळं या तीन अक्षरांत आलं. विज्ञानाला मात्र त्याचं नाव ठेवायला १९३७ साल उजाडावं लागलं. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश याने दोन ग्रीक शब्द जोडून ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हा शब्द केला. अ‍ॅलेलॉन म्हणजे एकमेकांचं, पॅथॉस म्हणजे सोसणं. एका झाडाने सोडलेलं रसायन दुसऱ्याने सोसायचं. गंमत म्हणजे मोलिशच्या डोळ्यांसमोर तण नव्हतंच. पिकणाऱ्या सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या रोपांवर काय परिणाम करतो, हे तो पाहत होता.

निरीक्षण त्याहून कितीतरी जुनं. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास थिओफ्रॅस्टसने लिहून ठेवलंय की हरभरा जमिनीचा कस काढतो आणि तणही मारतो. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने अक्रोडाच्या सावलीला विषारी ठरवलं. तिच्याने माणसाचं डोकं दुखतं, असंही पुढे जोडून दिलं. डोकेदुखीचं सोडून देऊ. पण काळ्या अक्रोडाखाली टोमॅटो माना टाकतात, ही तक्रार विसाव्या शतकातही आली, आणि १९२८ साली त्यामागचं रसायन म्हणून जुग्लोनकडे बोट दाखवलं गेलं. जिवंत झाडात ते निरुपद्रवी रूपात असतं. साल, पान किंवा मूळ फुटून हवा लागली की त्याचं जुग्लोन होतं. म्यानातली तलवार म्हणा हवं तर.

मला मात्र अक्रोडाशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझ्या ज्वारीचं गुपित हवं होतं, आणि शोधायला लागले तेव्हा ते माझ्या कल्पनेपेक्षा देखणं निघालं.

ज्वारीच्या मुळांवर जे बारीक केस असतात, ती मूलरोमं, त्यांच्या टोकांना तेलकट, सोनेरी-पिवळे थेंब जमतात. त्यातला मोठा भाग एकाच रसायनाचा असतो, सोर्गोलिओन. १९८६ मध्ये ते ओळखलं गेलं. ओल्या टिपकागदात दाणे गुंडाळून आठवडाभर अंधारात ठेवले आणि भिंग लावलं, तर मुळांच्या कडेला पिवळसर झाक दिसते. मी ते करून पाहिलं, आणि अर्धा तास भिंग खाली ठेवलं नाही. इतकी वर्षं ज्वारी लावली, कापली, सोलली. ती जमिनीखाली काय करते हे कधी मनातही आलं नव्हतं.

हे थेंब काय करतात? कोवळ्या तणाच्या रोपात शिरून प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडतात. सूर्यप्रकाशाच्या जोरावर सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे नेणारं एक प्रथिन असतं, त्याच्या ज्या खाचेत अ‍ॅट्राझिन हे कारखान्यात बनलेलं तणनाशक जाऊन बसतं, त्याच खाचेत सोर्गोलिओनही बसतं. माणसाने प्रयोगशाळेत जी खाच शोधली, ती ज्वारीला आधीच सापडलेली होती. हे वाचून मी खुर्चीवरून उठले आणि दोन फेऱ्या मारल्या.

मग अर्थातच काढा. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो, आधी सगळ्यांना सांगत सुटतो आणि मग काहीतरी भिजत घालतो. मी वाळक्या धाटांचे तुकडे केले, चोवीस तास पाण्यात ठेवले, गाळलं. चहासारखं तांबूस पाणी निघालं. एका बशीत ओल्या कागदावर मुळ्याचं बी साध्या पाण्यात, दुसऱ्या बशीत या काढ्यात. चौथ्या दिवशी पहिल्या बशीत पांढरी मुळं कागदभर पसरलेली. दुसऱ्या बशीत अर्ध्याहून जास्त बी तसंच पडलेलं, आणि जे उगवलं त्याचं मूळ आखूड, टोकाला करपल्यासारखं. मी दोन्ही बशांचा फोटो काढला आणि शेतीशास्त्र शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला पाठवला.

तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. ‘छान. पण सोर्गोलिओन पाण्यात विरघळत नाही, तेव्हा तुझ्या काढ्यात ते नाहीच. आणि साखरेच्या पाण्यात बी टाकून बघितलंस का?’

बघितलं. साखरेच्या दाट पाण्यातही बी अडखळलं. वाळक्या पानांच्या काढ्यातही अडखळलं, थोडं कमी, पण अडखळलंच. बी उगवायचं तर त्याला पाणी आत ओढून घ्यावं लागतं, आणि बाहेरच्या पाण्यात काहीही दाट विरघळलेलं असलं की ते ओढणं कठीण होतं. माझ्या काढ्यात फिनॉलिक आम्लं असणार, ती बी रोखतात, हे खरं. पण माझ्या बशीत त्यांनी किती रोखलं आणि निव्वळ दाटपणाने किती, हे माझ्या फोटोत कुठेच दिसत नव्हतं. ज्वारीच्या अशाच पाण्याची पिकांवर फवारणी करून तण कमी करण्याचे शेतातले प्रयोग पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात वर्षानुवर्षं झालेत, आणि त्यात तण घटलेलं दिसलंय, संपलेलं नाही. माझं ज्ञान मात्र एका बशीपुरतं होतं.

तिने आणखी एक प्रश्न ठेवून दिला होता. ‘धाटांच्या शेजारी नुसता पुठ्ठा अंथरून बघितलास का?’

तो प्रश्न मला चावला. मी चिडले. मग याच विषयातली एक जुनी गोष्ट हाती लागली आणि चीड उतरली.

कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर सेजची सुगंधी झुडपं असतात. या झुडपांच्या घोळक्याभोवती एक-दोन मीटर रुंदीचा उघडा पट्टा दिसायचा, त्यापलीकडे गवत. आकाशातून पाहिलं तर प्रत्येक घोळक्याला जणू कोणी रिंगण घातलेलं. १९६४ साली कॉर्नेलियस म्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं कारण मांडलं. सेजच्या पानांतून कापूर आणि सिनिओलसारखे उडून जाणारे पदार्थ निघतात, मातीत मुरतात आणि गवताचं बी मारतात. प्रयोगशाळेत हे पदार्थ खरोखरच कोवळी मुळं खुंटवत होते. कार्य समोर, कारण बाटलीत. यापेक्षा सुबक गोष्ट कुठली? पाठ्यपुस्तकांत ती जाऊन बसलीही.

१९७० मध्ये त्याच नियतकालिकात ब्रूस बार्थोलोम्यूचा निबंध आला. त्याने काय केलं होतं? उघड्या पट्ट्यावर तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले होते. पिंजऱ्यांत गवत उगवलं. माती तीच, वासही तोच, अडवले गेले ते फक्त उंदीर, ससे आणि पाखरं. ही मंडळी झुडपाच्या आडोशाने राहतात आणि शिकाऱ्याच्या भीतीने फार लांब जात नाहीत. धावत परत येता येईल एवढ्या अंतरातलं बी आणि कोंब ती फस्त करतात. पट्ट्याची रुंदी ही उंदराच्या धाडसाची रुंदी होती.

मला म्युलरचं हसू येत नाही. त्याने पाहिलेला पट्टा खरा होता, त्याने मोजलेली रसायनं खरी होती. या दोघांमध्ये त्याने जी रेघ ओढली तिच्यावर उंदीर बसलेला होता, इतकंच. या विषयाला असे फटके नंतरही बसले. नॅपवीड हे आक्रमक तण मुळांतून कॅटेचिन नावाचं रसायन सोडून शेजाऱ्यांना मारतं, असं सांगणारा २००३ सालचा गाजलेला निबंध २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विष घातलं या गोष्टीत एक कपटनाट्याची गोडी असते. ती आपल्याला फार आवडते, आणि म्हणूनच ती दोनदा तपासावी लागते.

मी पुठ्ठा अंथरला. एका पट्टीत ज्वारीची धाटं, दुसरीत तितक्याच जाडीची वाळकी पानं, तिसरीत पुठ्ठा, चौथी उघडी. पुठ्ठ्याखाली तण जवळपास नव्हतंच. पानांखाली थोडं होतं. धाटांखाली पानांपेक्षा कमी, आणि होतं ते पिवळट, रोडावलेलं. म्हणजे माझ्या चमत्काराचा मोठा हिस्सा अंधाराचा होता. काही हिस्सा बहुधा नत्राचा. कोरडी धाटं कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि वरच्या रोपांची उपासमार होते. आणि या दोन्हींच्या मागे कुठेतरी ज्वारीचं रसायन. माझ्याकडे चार पट्ट्या होत्या, प्रयोगशाळा नव्हती. त्याहून जास्त सोडवता आलं नाही.

पण म्हणून हे सगळं थोतांड आहे का? मुळीच नाही, आणि इथे मला माझ्या मैत्रिणीशीही थोडं भांडायचंय.

१९७७ साली कॅलिफोर्नियातच एका रसायन कंपनीतल्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली फारसं काही उगवत नाही. निरीक्षण म्युलरसारखंच. झाडाखालच्या मातीतून एक पदार्थ वेगळा काढला गेला, लेप्टोस्पर्मोन. त्याने रोपं पांढरी पडत होती. पानांतलं हरितद्रव्य उन्हापासून सांभाळायला केरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी रंगद्रव्यं लागतात. त्यांच्या निर्मितीच्या वाटेवरचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा पदार्थ बंद पाडतो. मग ऊनच झाडाला खातं. लेप्टोस्पर्मोन स्वतः दुबळं होतं, शेतात वापरायला प्रचंड मात्रा लागली असती. रसायनशास्त्रज्ञ त्याच्या रेणूत फेरफार करत राहिले, आणि २००१ मध्ये मेसोट्रिओन बाजारात आलं, मक्यातल्या तणासाठी, हेक्टरी शे-दोनशे ग्रॅम पुरेल असं. मका ते पचवून टाकतो, तण पचवू शकत नाही.

आता या मेसोट्रिओनला नैसर्गिक म्हणायचं की रासायनिक? मला हा प्रश्नच आता कंटाळवाणा वाटतो. ‘नैसर्गिक’ ही चिठ्ठी डब्यावर लावली की माणसं हात न धुता वापरतात. कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, ती खाऊन गुरं दगावतात. त्याहून नैसर्गिक काय असणार? आणि तीव्र व्हिनेगर फवारून तण ‘जाळणारे’ तर मला सगळीकडे भेटतात. पान जळतं, फोटो छान येतो, मूळ आठ दिवसांनी नवं पान काढतं. डोळ्यांत उडालं तर डोळा जाऊ शकतो, तो भाग फोटोत नसतो.

बॉटलब्रशच्या गोष्टीतलं मला पटलेलं वेगळंच आहे. तणनाशकांना न जुमानणाऱ्या तणांची जगभरातून ५०० हून जास्त प्रकरणं नोंदली गेली आहेत. एकाच खाचेत पुन्हा पुन्हा घाव घातला की ती खाच बदललेलं तण टिकतं आणि माजतं. नव्या जागा शोधायच्या तर कुठे शोधायच्या? वनस्पतींनी त्या कोट्यवधी वर्षं शोधलेल्या आहेत. आणि त्या एकच अस्त्र धरून बसत नाहीत. राय हे धान्य मुळांतून आणि अवशेषांतून बेंझोक्साझिनॉइड गटातली द्रव्यं सोडतं. ती मातीत मोडतात आणि सूक्ष्मजीव त्यांच्यातून कधी कधी मूळ द्रव्याहून जहाल काहीतरी तयार करतात. म्हणजे विष झाडाचं, धार जिवाणूंनी लावलेली. बशीत हे कधी दिसणार नाही, कारण बशीत माती नसते. उलटही तितकंच खरं; बशीत जे मारतं ते मातीत जिवाणू कधी कधी दोन दिवसांत खाऊन टाकतात.

मोहरीचं तंत्र आणखी निराळं. तिच्या पेशीत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पान चुरडलं की दोघं भेटतात आणि नाकात झिणझिण्या आणणारं आयसोथायोसायनेट तयार होतं. म्हणून तण रोखायला मोहरी जमिनीत गाडायची तर आधी बारीक चिरायला हवी, लगेच पुरायला हवी आणि ओल हवी. अख्खी झाडं दोन दिवस वाळवून मग गाडणाऱ्याला हिरवळीचं खत मिळतं, वाफ उडून जाते.

राय वापरणारे शेतकरी ते फुलोऱ्यावर आलं की जड रूळ फिरवून आडवं पाडतात आणि त्या चटईतून सोयाबीन किंवा घेवड्यासारखं मोठं बी पेरतात. मोठं बी का, हे मला माझ्या चुकीतून कळलं. तणांचं बी बहुतेक बारीक असतं, मातीच्या वरच्या थरात, म्हणजे रसायनाच्या तोंडीच, उगवतं आणि त्याच्याजवळ शिदोरी कमी असते. मोठं बी खोल जातं, स्वतःच्या शिदोरीवर रेटून वर येतं. मी धाटं बाजूला सारून लगेच गाजराचं बी फेकलं. गाजराचं बी म्हणजे तणाइतकंच बारीक. ज्वारीच्या बेवडाला तण कुठलं आणि माझं गाजर कुठलं हे कसं कळणार? अर्ध्या ओळी रिकाम्या राहिल्या. शेजारच्या ओळीत टोचलेला घेवडा मात्र काहीच न झाल्यासारखा वर आला. परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. थांबले असते तर गाजरंही आली असती. लसूणघास तर स्वतःच्याच बाबतीत हे करतो, जुन्या लसूणघासाच्या जागी लगेच पुन्हा पेरला तर धड उगवत नाही.

आपण पिकं निवडत आलो ती दाण्यासाठी, चवीसाठी, उंचीसाठी. शेजाऱ्याशी मुळांनी भांडण्याची ताकद त्यात कुणी मोजलीच नाही. १९७४ साली पुटनम आणि ड्यूक या दोघांनी काकडीचे ५२६ नमुने तपासले. शेजारच्या रोपाची वाढ निम्मी किंवा त्याहून कमी करणारे २५ निघाले, आणि एकाने तर ८७ टक्के वाढ रोखली. पाचशे काकड्यांत एक जहाल. ती काकडी खायला कशी होती कोण जाणे. भातातही हेच आढळलं. काही वाणांची मुळं मोमिलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतात, आणि शेजारी बार्नयार्ड गवत हे भातातलं तण उगवलं की जास्त सोडतात. म्हणजे भात शेजाऱ्याला ओळखतो. हे वाचल्यावर चिखलात ओळीने उभ्या भाताकडे मी पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही.

आणि तरीही मला सगळ्यात जास्त रुतलं ते टारफुल्याचं प्रकरण, कारण ते माझ्या ज्वारीचंच आहे. टारफुला हे परजीवी तण. त्याचं बी धुळीइतकं बारीक, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. ओल आली, ऊब आली तरी उठत नाही. जवळच्या मुळातून एक खूण आली तरच उठतं. ती खूण म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोन गटातलं द्रव्य. त्यातलं पहिलं १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं. पण झाड आपल्या शत्रूला हाक का मारेल? त्याचं उत्तर २००५ मध्ये मिळालं. हाक शत्रूला नसतेच. मुळांना स्फुरद आणून देणाऱ्या मित्रबुरशीला ती हाक असते. टारफुला ती चोरून ऐकतो. तीच ज्वारी एका थेंबाने काटेमाठ हुसकावते आणि दुसऱ्या थेंबाने टारफुल्याला दार उघडून देते.

केनियात ‘इसिपे’ या संस्थेने झेयाउर खान यांच्या पुढाकाराने मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती लावायची पद्धत रूढ केली. डेस्मोडियमची मुळं टारफुल्याच्या बियांना उठवतात आणि दुसऱ्या द्रव्याने त्यांचं मूळ यजमानापर्यंत पोचूच देत नाहीत. बी जागं होतं, हात पुढे करतं, धरायला काही नसतं. काही दिवसांत मरतं. फवारा नाही, बाटली नाही. शिवाय डेस्मोडियम जमिनीला नत्र देतं आणि गुरांना चारा. याला मी खरा उपयोग म्हणेन. इथे रसायन झाडातून काढून बाटलीत भरलेलं नाही. झाडच तिथे उभं केलंय, आणि ते सतत, थोडं थोडं, हव्या त्या खोलीवर सोडत राहतं.

माझा काढ्याचा डबा मी मागच्या महिन्यात ओतून दिला. त्याला वास यायला लागला होता. धाटं मात्र आता आळसाने नाही, मुद्दाम पसरते, चार बोटं जाड, आणि त्यांच्यातून घेवडा टोचते. गाजरासाठी दुसरा वाफा ठेवलाय. बशा अजून खिडकीत आहेत. सध्या त्यात सूर्यफुलाच्या पानांचं पाणी आहे, आणि शेजारी साखरेच्या पाण्याची बशी न विसरता.

आज सकाळी धाटं उचलून पाहिली. घोळ नव्हती, केना नव्हता. एका ठिकाणी लव्हाळ्याचा पांढराफटक कोंब टोकदारपणे धाट फोडूनच वर आला होता. लव्हाळा बियांच्या भरवशावर नसतो, त्याची शिदोरी खाली गाठीत असते, आणि स्वतःही तो शेजाऱ्यांवर रसायनं सोडण्यात कमी नाही. मी त्याला दोन बोटांत धरून हळूच ओढलं. कट्‌कन तुटला. गाठ आतच राहिली. मी खुरपं आणायला उठले.